आडसाली उसावर लोकरी मावा आलाय: फवारू, की मित्रकिडींवर सोडू? (चिकोडी, रायबाग, कागवाड भाग)

दूधगंगाकाठ

नमस्कार मंडळी. घाईचा प्रश्न आहे, तरी सगळं नीट सांगून विचारतो.

सदलग्याजवळ दोन एकर को ८६०३२ जातीचा ऊस आहे. गेल्या वर्षी जुलैत लावलेला. ऊस डोक्याच्या वर गेलाय, खालच्या अंगाला थोडा लोळलाय. नोव्हेंबरात तोड यायची. परवा विहिरीकडच्या बाजूला पाणी बघायला गेलो तर सरीत चुना सांडल्यासारखं पांढरं दिसलं. वर बघितलं तर पानांच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांनी लोकर चिकटलेली. बोट फिरवलं तर मेणचट भुकटी लागली. त्याच्या खालची पानं वरनं चिकट आणि चकचकीत, आणि त्याच्याही खालच्या पानांवर काजळी धरल्यागत काळी बुरशी. दोन-अडीच गुंठ्यांत जोर आहे, बाकी फडात तुरळक.

दुकानदार म्हणतो उद्याच फवारा, ड्रोनवाला गाठून देतो. शेजारच्यांनी मागच्या आठवड्यात फवारलं सुद्धा. पण वडील अडून बसलेत. २००२-०३ ला हाच मावा आला तेव्हा आपण तीनदा फवारलं, पैसे गेले, ऊस काळा पडला तो पडलाच, आणि शेवटी ‘त्या अळीनंच मावा खाल्ला’ असं त्यांचं म्हणणं. अळीचं नाव त्यांना सांगता येत नाही. मी त्या वेळी शाळेत होतो. एवढंच आठवतंय की वाडं (उसाचे हिरवे शेंडे) आणून टाकलं की म्हशी तोंड फिरवायच्या आणि आईच्या हाताला दिवसभर चिकट राहायचं.

ती अळी कोणती? आपोआप येते का आणावी लागते? किती दिवस वाट बघायची? ज्यांनी स्वतःच्या रानात बघितलंय त्यांनी सांगा.

रायबागचा मळा

दादा, उद्या फवारू नका. एक सकाळ थांबा आणि पानं तपासा.

जोर आहे तिथली पाच आणि तुरळक भागातली पाच अशी दहा पानं तोडून सावलीत घरी आणा. पान उलटं करून काडीनं लोकर हळू बाजूला सारा. लोकरीखाली रेशमासारखं बारीक जाळं लागलं आणि त्यात राखाडी-हिरवट अळी दिसली, तर तुमच्या वडिलांची अळी तीच. तिला डिफा म्हणतात. ही पतंगवर्गातली अळी, पण उसाचं पान खात नाही, मावा खाते. माव्याच्या वसाहतीतच जाळं विणून राहते आणि जाळ्यावर माव्याचीच लोकर नि सालटं चिकटलेली असतात. म्हणून उभ्या माणसाला ती कधी दिसत नाही. मी पहिल्या वर्षी चार दिवस हुडकत होतो, ती नाकासमोर होती.

दुसरी मायक्रोमस. बारीक, तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळती. लोकर हलवली की तुरुतुरु पळते. हिची अळी तर खातेच, पंख फुटल्यावरही ती मावाच खाते. तिसरी सिरफिड माशीची अळी, बिनपायाची, जळवेसारखी लांब-आखूड होत सरकते. तिची मोठी माशी मधमाशीसारखी दिसते आणि एका जागी हवेत थांबून राहते.

दहातल्या निम्म्या पानांवर यातलं काही सापडलं तर मी पंपाला हात लावत नाही. दोन-तीन पानांवरच सापडलं तर बाहेरून आणून सोडतो. एकही नसेल तर मात्र चिंतेची गोष्ट. हा माझ्या रानातला अनुभव आहे, कुठल्या पुस्तकातला आकडा नव्हे.

आणि युरिया बंद करा. हिरवागार, लुसलुशीत ऊस आणि ढगाळ हवा मिळाली की मावा फोफावतो.

कागवाडकर

माझा अनुभव वेगळा आहे, तोही लोकांना कळावा म्हणून लिहितोय.

गेल्या वर्षी मीही ‘जैविक करू’ म्हणून ठरवलं. एका दुकानातनं ट्रायकोकार्ड आणली, म्हणजे मित्रकीड वाढत असलेली अंडी चिकटवलेली कार्डं. माव्यावर चालतात असं सांगून दिली होती. एकरी दोन अशी लावली, तीन आठवडे थांबलो. मावा इंचभर मागं सरला नाही. तोवर अर्धा एकर काळा पडला. मग फवारलं, पण उसात आत शिरताच येत नव्हतं, बांधावरनं जेवढं पोचलं तेवढं. त्या पट्ट्यातला ऊस भरला नाही. माझ्या घरात आता मित्रकीड हा शब्द काढायची सोय राहिली नाही.

दूधगंगाकाठ, थांबायचं तर थांबा, पण कशावर भरवसा ठेवताय ते आधी नक्की करा.

धारवाडची विद्यार्थिनी

कागवाडकर काका, वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही तीन आठवडे थांबलात, खर्च केलात आणि तुम्हाला चुकीची वस्तू दिली गेली. त्या कार्डात असते ती ट्रायकोग्रामा, एक मिलिमीटरपेक्षाही लहान गांधीलमाशी. ती दुसऱ्या किडीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते. म्हणजे खोडकीड, कांडीकीड यांच्या पतंगांच्या अंड्यांवर ती चालते. उसावरचा लोकरी मावा अंडी घालतच नाही, थेट पिल्लं टाकतो, तेही नराशिवाय. त्यामुळं तुमच्या कार्डातल्या माश्यांना त्या फडात करण्यासारखं कामच नव्हतं. तुमची चूक थांबण्यात नव्हती.

मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, माहेर हुक्केरी तालुक्यातलं. थोडा मागचा इतिहास सांगते, कारण दूधगंगाकाठ यांचे बाबा म्हणतात ते खरं आहे.

हा मावा आपल्याकडचा नव्हता. ईशान्य भारत आणि बंगालकडं तो आधीपासून होता, उसावर त्याची नोंद १९५८ ची आहे. २००२ च्या जुलैत तो सांगली जिल्ह्यात एकदम उफाळला आणि त्याच वर्षी कृष्णा ओलांडून आपल्या भागात आला. कन्नडात याला बिळी उण्णे हेनु म्हणतात, म्हणजे पांढऱ्या लोकरीची ऊ. वाऱ्याबरोबर पंखवाला मावा येतो आणि तोडीच्या वेळी गाडीतनं, बैलांच्या वाड्यातनं गावोगाव फिरतो. त्या वेळी सगळ्यांनी फवारलं. पण मावा पानाच्या खालच्या बाजूला, अंगावर मेणाचं पांघरूण, आणि ऊस दहा फूट. औषध पडतं पानाच्या वरच्या बाजूला. त्यातनं जे मावे वाचतात ते एकटेच पुन्हा वसाहत उभी करतात. डिफाचं तसं नाही. तिचा पतंग व्हायचा, जोडी जमायची, अंडी घालायची, मग अळी. फवारणीनंतर मावा आधी परततो आणि डिफा मागं राहते, ती याच कारणानं.

त्या दोन-तीन वर्षांत धारवाड कृषी विद्यापीठ, पुण्याची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि बंगळूरची केंद्र सरकारची जैविक कीड नियंत्रणाची संस्था (आताचं राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो) यांनी डिफा आणि मायक्रोमस वाढवून रानात सोडले. शेडनेटखाली ऊस लावायचा, त्यावर मुद्दाम मावा वाढू द्यायचा आणि त्यावर डिफा पोसायची, अशी पद्धत होती. पुढं ईशान्येकडनं एन्कार्सिया नावाची आणखी एक बारीक गांधीलमाशी आणून सोडली, ती माव्याच्याच अंगात वाढते. ती आपल्या भागात रुळली. आज दर पावसाळ्यात मावा थोडाफार दिसतो आणि बहुतेक ठिकाणी आपोआप बसतो, तो या सगळ्यांमुळं.

सोडायचं प्रमाण: डिफाच्या अळ्या किंवा कोष हेक्टरी १०००, म्हणजे एकरी ४००. मायक्रोमस असेल तर हेक्टरी २५००, एकरी १०००. मावा दिसू लागला की लगेच सोडायचं, फड काळा पडल्यावर नव्हे.

दूधगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी वडिलांना घेऊन गेलो. दहा पानं आणून ओसरीवर पांढऱ्या कापडावर मांडली, धाकट्याचं शाळेचं भिंग घेतलं.

चौथ्या पानावर जाळं लागलं. काडीनं उचललं तर आत अळी, साधारण अर्ध्या इंचाची. वडिलांनी लगेच ओळखली, ‘हीच ती’. मग नजर बसली तसं एकेक सापडत गेलं. दहापैकी सात पानांवर डिफाची जाळी, दोन पानांवर ती पळणारी तपकिरी अळी. एका जाळ्याशी भिंग धरून बराच वेळ बसलो. अळीनं एक मावा धरला, जागेवरच खाल्ला, सालटं जाळ्याला लावून टाकलं आणि दुसऱ्याकडं वळली. तिच्या मागं पानाचा तेवढा पट्टा स्वच्छ हिरवा झाला होता. पुढं मावा, मागं मोकळं पान. ते बघितल्यावर मला दुसरं कुणी काही सांगायची गरज राहिली नाही.

फवारणी रद्द केली. ड्रोनवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. विहिरीकडच्या सरीत पाणी तुंबत होतं, चर काढून वाट करून दिली.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. शेजारच्या फवारलेल्या रानातली पानं त्यांना विचारून बघितली. मावा होता, थोडा कमी, पण जिवंत. जाळी होती तीही, फक्त आतल्या अळ्या काळ्या पडून वाळलेल्या. दहा पानांत एकही जिवंत डिफा नाही. त्यांना मी दाखवलं. ते कन्नड भाषिक आहेत, रयत संपर्क केंद्राची (कृषी खात्याच्या कार्यालयाची) पत्रकं नेमानं वाचतात. म्हणाले, ‘पत्रकात परभक्षक कीटक असं वाचलं होतं, पण ते हे, हे कधी कुणी दाखवलं नाही.’

संकेश्वर रोड

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडं मावा नाही, हुमणी (मुळं खाणारी अळी) आहे. खोडवा पिवळा पडून उपटून येतोय. त्यावर अशी कुठली कीड सोडता येते का?

रायबागचा मळा

संकेश्वर रोड, वेगळा धागा काढा, तो विषय मोठा आहे. थोडक्यात: हुमणीवर सोडायची कीड नाही, बुरशी आहे. मेटारायझियम, एकरी ८ किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल असताना मुळाशी. आणि खरं काम वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी. कडुनिंब, बाभळीवर हुमणीचे भुंगेरे बसतात ते सगळ्या गल्लीनं मिळून गोळा करून मारायचे. एकट्यानं करून उपयोग नाही. नांगरताना मागं बगळे-कावळे येतात त्यांना हाकलू नका.

हिरण्यकेशी

आम्ही दहा-बारा बायका बचत गटातनं ट्रायकोकार्ड तयार करतो, म्हणून कागवाडकर दादांचा मजकूर वाचून गप्प बसवलं नाही. कार्ड माव्यावर चालत नाही हे आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगतो. पण योग्य किडीवर, योग्य वेळी लावलेली कार्डंही वाया जातात, आणि त्यात बहुतेक वेळा वाटेत जीव गेलेला असतो.

कार्ड कसं होतं ते सांगते, म्हणजे जपायचं का ते कळेल. ज्वारीचा भरडा, त्यात शेंगदाण्याचा कूट, थोडं यीस्ट, चिमूटभर गंधक. त्यावर तांदळातल्या पतंगाची अंडी टाकायची. चाळीसेक दिवसांनी पतंग निघतात, ते पकडून त्यांची अंडी गोळा करायची. या कामात पतंगाच्या पंखांची भुकटी उडते, नाकातोंडावर कापड बांधल्याशिवाय आत जायचं नाही. आमच्यातल्या एकीला खोकला धरला तेव्हा हे शिकलो. अंडी चाळून, डिंक लावलेल्या कार्डावर पसरायची, अतिनील दिव्याखाली धरायची म्हणजे आतली पतंगाची अळी मरते, आणि मग ती ट्रायकोग्रामाच्या माश्यांपुढं ठेवायची. पांढरी अंडी तीन-चार दिवसांत काळी पडतात. काळं पडलं म्हणजे आत माशी वाढतेय. सात-आठ दिवसांनी ती बाहेर येते. एका कार्डावर साधारण २०,००० अंडी.

आता ते कार्ड मेच्या उन्हात बसच्या टपावर आलं, तर माशी पाकिटातच निघून मरते. फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात ठेवलं, तर आतच मरते. दोन्हीकडं कार्ड दिसायला तेच, काळं. म्हणून आमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो: कार्डाची एक पट्टी कापून काचेच्या स्वच्छ बाटलीत टाका, तोंडाला कापसाचा बोळा लावा आणि घरात सावलीला ठेवा. दोन-चार दिवसांत बाटलीच्या उजेडाकडच्या बाजूला धुळीचे कण चालल्यागत बारीक माश्या दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर कार्ड मेलंय, पैसे परत मागा. आमच्याकडनं घेतलं असेल तरी मागा.

रानात लावायची रीत: एकरी एक कार्ड, त्याच्या पट्ट्या कापून सगळ्या रानात विभागून, पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. मुंग्या असतील तिथं लावू नका, त्या रात्रीत कार्ड साफ करतात. आणि कार्ड लावायच्या आधी आणि नंतर आठ-दहा दिवस फवारणी नको. एका हातानं कार्ड आणि दुसऱ्या हातानं पंप, असं करणारे दर वर्षी भेटतात. कळकळीनं सांगते, ते करू नका.

दूधगंगाकाठ

ताई, फार मोलाचं सांगितलंत. ऊस तुटला की दुसऱ्या तुकड्यात जानेवारीत सुरू लागण करणार आहे. तिथं दर उन्हाळ्यात पोंगेमर होते, म्हणजे खोडकिडीनं कोवळ्या उसाचा मधला पोंगा वाळतो. कार्ड कधीपासून लावू?

हिरण्यकेशी

पोंगा वाळलेला दिसायच्या आधी. पोंगा ओढला की सहज हातात येतो आणि कुजका वास मारतो, म्हणजे अळी खोडात शिरलेली. तिला कार्ड काही करू शकत नाही. लागणीला महिना झाला की पानांच्या खालची बाजू बघत जा. खोडकिडीची अंडी पांढरट, चपटी, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक, ओळीनं असतात. तिथनं सुरुवात करा, दहा-दहा दिवसांनी.

पण खरं सांगायचं तर खोडकिडीसाठी नुसत्या कार्डावर विसंबू नका. दीड महिन्याला बाळबांधणी (बुडाला मातीची हलकी भर) वेळेवर करा, सरीत पाचट अंथरा, पाण्याचा ताण पडू देऊ नका. आमच्या गिऱ्हाइकांना कार्डाचा जास्त ठळक फायदा दिसतो तो पुढं कांडीकिडीवर. चौथ्या महिन्यापासून पंधरा-पंधरा दिवसांनी सहा वेळा.

रायबागचा मळा

ताईंच्या पाचटाच्या मुद्द्यावर जोडतो. तोड झाली की आपल्या भागात रात्री सगळीकडं फड पेटलेले दिसतात. त्या आगीत पाचटात बसलेले कोष, कोळी, ढालकिडे (मावा खाणारे लेडीबर्ड), सगळं जातं. पुढच्या वर्षी आपणच विचारतो मित्रकिडी गेल्या कुठं. मी सहा वर्षं पाचट जाळलं नाही. पहिल्या वर्षी पाणी द्यायला त्रास झाला, उंदीरही वाढले, हे लपवत नाही. आता एक आड एक सरीत ठेवतो. बांधाला चवळी टाकतो, तिच्यावरच्या काळ्या माव्यावर ढालकिडे पोसतात आणि तिथनं उसात येतात.

कागवाडकर

मी शब्द मागं घेत नाही, माझं नुकसान खरं होतं. पण माव्यावर कार्ड चालतच नाही हे आज पहिल्यांदा समजलं. वर्षभर मी मित्रकिडींनाच दोष देत होतो. ताई, बाटलीची रीत कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं.

आमच्या फडात या वर्षी पुन्हा दोन ठिकाणी लोकर दिसतेय. आज दहा पानं बघितली. एकाच पानावर जाळं सापडलं.

दूधगंगाकाठ (तीन आठवड्यांनी)

जसं आहे तसं लिहितो.

जोर होता त्या दोन-अडीच गुंठ्यांत लोकर आता तुटक-तुटक राहिलीय, तीही मळकट, कोरडी. बोटानं घासली तर चिरडणारं फारसं काही नाही, नुसती सालटं. पानांवर मधल्या शिरेलगत डिफाचे कोष दिसतात, मळक्या कापसाच्या गोळीसारखे. वरची नवी चार-पाच पानं स्वच्छ निघाली आहेत. बाकी फडात मावा पसरला नाही.

काळी पडलेली पानं काही परत हिरवी झाली नाहीत. त्या तुकड्यातला ऊस इतरांपेक्षा बारीक आहे, वजनात कमी भरणार हे धरून चाललोय. मधे आठव्या-नवव्या दिवशी मावा वाढल्यासारखा वाटला आणि मी रात्रभर झोपलो नाही. वडील म्हणाले, ‘सकाळी पान बघ, मग ठरव.’ सकाळी बघितलं तर जाळी दुप्पट झाली होती.

शेजाऱ्यांच्या रानात मावा परत आला. ते दुसऱ्यांदा फवारणार होते, थांबलेत. काल आमच्या फडातली डिफाची चाळीस-पन्नास पानं तोडून त्यांच्या उसाला जागोजागी अडकवली. पान वाळलं की अळी आपोआप शेजारच्या हिरव्या पानावर माव्याकडं जाते.

कागवाडकर, तुमच्याकडं एकाच पानावर सापडली असेल तर इथनं न्या. पण ज्या फडात मावा आहे तिथंच न्या. या पानांवर थोडा मावाही असतोच, स्वच्छ फडात नेलात तर आपण हातानं मावा पोचवल्यासारखं होईल.

कागवाडकर

रविवारी येतो. आमच्या गल्लीतले आणखी दोघं येणार म्हणताहेत. पानं कशात बांधू?

दूधगंगाकाठ

प्लास्टिकच्या पोत्यात नको, आत उबतात. ओलं करून पिळलेलं गोणपाट आणा. सातच्या आत या, ऊन व्हायच्या आधी तोडू आणि दुपारच्या आत तुमच्या फडात लागली पाहिजेत. वडील स्वतः दाखवणार आहेत कुठलं पान घ्यायचं ते.